नसलेला गालिचा

शुक्रवार, १४ जून १९९१
पोर्ट ट्रेलॉन

काल लॉजमध्ये क्लेम रॉडा सरळ गालिच्यावरून चालत आला. गालिचा तिथे नव्हता, पण तो मुद्दा गौण आहे.

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल. आमच्या फ्रीमेसन लॉजच्या, म्हणजे बंधुमंडळाच्या, दालनात मधोमध काळ्यापांढऱ्या चौकोनांचा गालिचा असतो. पांढरा म्हणजे सुख, काळा म्हणजे दुःख, आणि माणसाचं आयुष्य या दोन्हींतून जातं, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या गावांत लोक त्याच्यावरून खुशाल चालतात म्हणे. पोर्ट ट्रेलॉनमध्ये नाही. आमच्याकडे माझ्या आजोबांच्या काळापासून गालिच्याला वळसा घालून जायचं, तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर काटकोनात वळायचं. यंदा त्याला कसर लागली म्हणून तो ॲडलेडला रफूला पाठवला. तेव्हापासून आम्ही मोकळ्या फळ्यांना वळसा घालतो. त्यात हसण्यासारखं काही नाही. मान जागेला असतो, लोकरीला नसतो.

काल मी मास्टरच्या खुर्चीत होतो, म्हणजे पूर्वेला. क्लेम समोर पश्चिमेला, दाराशी. रंगांच्या अर्थावरचं माझं भाषण चालू होतं. तोंडात खोकल्याची गोळी होती, ती जरा आडवी गेली आणि मला थोडासा ठसका लागला. तर क्लेम उठला, पाण्याचा पेला उचलला आणि अगदी नाकासमोर, मधून, दणादण चालत आला. माझ्या पाठीत दोन दणके घातले. तो जन्मभर विटा रचत आलेला गवंडी, मेसन म्हणजे गवंडीच, पण आमच्या सगळ्या मंडळींत खराखुरा गवंडी तो एकटाच, तेव्हा दणके कसे असतील ते कळावं. गोळी उडाली ती आमचा चिटणीस हॉरी बास्टियन याच्या बुटावर जाऊन पडली.

श्वास जागेवर आल्यावर मी काय करायला हवं होतं? मास्टर आहे मी. मी म्हणालो, "बंधू रॉडा, आपण गालिच्यावरून आलात."

त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "लिंडसे, इथे गालिचा नाहीये."

"गालिच्याच्या जागेवरून आलात. परत जा आणि वळशानं या."

क्लेम परत गेला, पण आला नाही. सभेत कमरेला बांधायचा एप्रन सोडला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, की आता तुम्ही सहा उरलात, सातवा म्हणून या फळ्या मोजा. दार त्यानं आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सात जण असल्याखेरीज लॉज उघडता येत नाही. आम्ही नेमके सात होतो. चाळीस वर्षांच्या मित्रानं असं करावं? एप्रन मी घरी आणून कपाटात ठेवलाय. कुणीतरी आणायलाच हवा होता.

रविवार, १६ जून

त्याची बायको ऊना गेल्यापासून क्लेम दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवतो. समोरच राहतो, रस्ता ओलांडला की आमचं फाटक. आज आला नाही. ईनिडनं तरी त्याचं ताट मांडलं होतं. मी म्हटलं, कशाला उगाच. तिनं उत्तर दिलं नाही. बायको पंचेचाळीस वर्षांची झाली, म्हणजे लग्नाला, की तिच्या गप्प बसण्याचेही प्रकार ओळखू येतात. हा वाईट प्रकार होता.

मग म्हणाली, "हॉरी सांगत होता, तू पार निळा पडला होतास."

मी म्हणालो की हॉरीला वाढवून सांगायची खोड आहे, आणि तसंही निळा रंग आमच्यात मैत्रीचा मानतात. तिनं रश्श्याचं भांडं जरा जोरातच ठेवलं. जेवण झाल्यावर भाजलेल्या मटणाचे चांगले चार तुकडे, बटाटे आणि वाटाणे ताटलीत घालून वर झाकण ठेवलं आणि बाहेर निघाली. मांजराला घालते म्हणाली. आमच्या रस्त्यावर कुणाकडे मांजर आहे, हे मला बराच वेळ आठवत बसावं लागलं. वाटाणे खाणारं मांजर मी तरी पाहिलेलं नाही.

मंगळवार, १८ जून

क्लेमनं कचऱ्याचा डबा बाहेर काढलेला नाही. गाडी सकाळीच येते, हे त्याला माहीत आहे. माझा काही संबंध नाही. पण रस्ता वाईट दिसतो म्हणून मी जाऊन डबा फाटकाबाहेर ठेवला. आत औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं, ते त्याच्या हृदयाच्या गोळ्यांचं. म्हणजे संपल्यात की नव्या आणल्यात? विचारणार कोण? आमचं बोलणं नाही.

सोमवार, २४ जून

दोन बातम्या, दोन्ही वाईट.

हॉरी धापा टाकत आला. अकरा जुलैच्या सभेला वरून निरीक्षक लॅथलीन येणार. त्या दिवशी लॉज उघडता आलं नाही तर आमची सनद काढून घेणार आणि दालन विकणार. कुणीतरी तिथे व्यायामशाळा काढायचं म्हणतोय. माझ्या आजोबांनी बांधलेल्या दालनात बायका तंग चड्ड्या घालून उड्या मारणार. माझं धाबंच दणाणलं.

दुसरी बातमी गालिच्याची. ॲडलेडच्या रफूवाल्याचा हॉरीला फोन आला होता. कसरीनं फक्त पांढरे चौकोन खाल्लेत. रंग न दिलेली लोकर तिला गोड लागते म्हणे. काळ्याला तोंडही लावलेलं नाही. म्हणजे आमच्या गालिच्यात सुख संपलं आणि दुःख जसंच्या तसं शाबूत. निरीक्षकाला याचा काय अर्थ सांगू? शिवाय त्या जाडीची पांढरी लोकर त्याच्याकडे नाही, आकाशी आहे, चालेल का असं विचारतो. मी म्हटलं, मुळीच नाही. काळ्यानिळ्या जमिनीवर सभा भरवली तर कुणाला तरी बदडून पसरलंय असं दिसेल. हॉरी म्हणाला, सांगतो त्याला. हॉरीला फोनवर नीट ऐकू येत नाही, ही एक काळजीच आहे.

सातव्या माणसाचा शोधही सुरू केला. खाटकाला विचारलं. तो म्हणाला, आत काय करता ते आधी सांगा. मी म्हटलं, ते सांगता येत नाही. तो म्हणाला, मग येता येत नाही.

शनिवार, २९ जून

निरीक्षकापुढे भाषण मलाच करायचंय, तोंडपाठ. आज ईनिडला स्वयंपाकघरात बसवून म्हणून दाखवलं. काळा, पांढरा, जांभळा, लाल, सगळे धडाधड आले. निळ्यापाशी आलो आणि गाडी रुतली. दरवेळी तिथेच रुततो. चाळीस वर्षं पश्चिमेकडून क्लेम हळूच पहिला शब्द सांगायचा, त्यामुळे तो शब्द माझ्या डोक्यात कधी बसलाच नाही. चूक खरं तर त्याची आहे.

ईनिड पेस्टीचं, म्हणजे मटण भरून भाजायच्या मोठ्या करंज्यांचं, पीठ मळत होती. मी टेबलाला वळसा घालत होतो, सवयीनं घड्याळाच्या दिशेनं. ती म्हणाली, "म्हणजे आयुष्य सुखदुःखातून जातं, असं तुम्ही म्हणता. आणि सगळे जाता मात्र कडेकडेनं."

बायकांना यातलं कळत नाही, असं मी म्हणणार होतो. पण तिच्या हातात लाटणं होतं.

बुधवार, ३ जुलै

सुटला प्रश्न, आणि सोडवला मी. निदान युक्ती माझीच आहे.

आज सकाळी पर्स ओट्स आला. लॉजच्या बंद दाराबाहेर तलवार घेऊन बसतो तो बाहेरचा पहारेकरी म्हणजे पर्स. बिचारा किती वर्षं बोळातल्या वाऱ्यात बसतोय, त्याचे गुडघे आखडलेत. स्वयंपाकघरात ईनिडशी काहीतरी कुजबुजत बसला होता. मी आत आलो तसे दोघं हवेबद्दल बोलायला लागले. मग पर्स मला म्हणाला की मला आत घ्या, बाहेर दुसरं कुणीतरी बसवा. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाहेरचा पहारेकरी बाहेर असला तरी सातांत मोजतात! क्लेमला बाहेर बसवायचं. आत यायला नको, गालिचा नको, वळसा नको, माझं तोंड बघायला नको. फक्त आतून ठोके पडले की बाहेरून ठोके द्यायचे. किती ते लिहिता येत नाही, शपथ आहे.

पर्सला लगेच समोर पाठवलं. तो इतक्या लवकर होकार घेऊन आला की क्लेमनं विचार तरी केला का, अशी शंका यावी. अट एकच, लिंडसेशी बोलणार नाही. मी म्हटलं, माझं कुठे अडलंय? मला सातवा माणूस हवाय, बोलायला हवाय असं नाही.

"छान सुचलं हो तुला," ईनिड म्हणाली. तिनं कौतुक करावं असं क्वचितच घडतं.

क्लेमचा एप्रन काढायला गेलो तर कपाटात नाही. ईनिड म्हणते, असेल कुठेतरी. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ.

मंगळवार, ९ जुलै

गालिचा वेळेवर येणार नाही. म्हणजे परवा निरीक्षकासमोर पुन्हा मोकळ्या फळ्या, आणि पुन्हा कुणीतरी फाटे फोडणार की इथे आहे काय मान द्यायला. तेव्हा मी ठरवलं, की फळ्यांवरच चौकोन रंगवायचे. तेलरंगाचे डबे आणले, दोरी ताणून रेघा मारल्या आणि गुडघ्यांवर बसून दिवसभर रंगवत होतो. मधून सुरुवात केली आणि कडेला बाहेर पडलो. असल्या कामात मला कुणी फसवू शकत नाही.

पाठ मोडली, पण जमीन काय दिसते! मध्ये एकदा उगाचच वाटलं, क्लेमला दाखवावी. रेघा सरळ आहेत की नाहीत ते त्याला एका नजरेत कळतं.

बुधवार, १० जुलै

रंग वाळलेला नाही. खाडीवरून ओला वारा येतोय, दालन फ्रीजसारखं गार पडलंय. ईनिडचं केस वाळवायचं यंत्र नेऊन चार चौकोनांवर धरलं, तर वीज गेली. असू दे. नाहीतरी त्याच्यावर पाय कोण देणार आहे? आमची पद्धत यापूर्वी इतकी सोयीची कधी वाटली नव्हती.

शुक्रवार, १२ जुलै

नखांतला रंग अजून गेलेला नाही, पानावरच्या डागांकडे बघू नये.

काल सगळे वेळेवर आले. निरीक्षक लॅथलीन म्हणजे लांबोडका, थंड माणूस. त्याला उत्तरेकडच्या बाकावर बसवलं. क्लेम बाहेर बोळात खुर्चीवर, मांडीवर तलवार. एप्रन बांधलेला, त्याची आकाशी फीत नव्यानं शिवलेली. ईनिडचा टाका मी ओळखतो. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही, मीही नाही बघितलं. दार बंद झालं. पर्सनं आतून ठोके दिले, बाहेरून ठोके आले. क्लेमचे ठोके मी कुठेही ओळखीन, भिंत पडेल असा ठोकतो. सात पुरे झाले, लॉज उघडलं. सगळे ओल्या रंगाला वळसा घालत, कोपऱ्यांवर काटकोनात वळत आपापल्या जागी गेले. इतकी सुबक चाल आमच्या लॉजमध्ये कधी झाली नव्हती, कारण प्रत्येकाला बुटांची काळजी होती. लॅथलीनसाहेब खूश झालेले दिसले.

मी भाषणाला उभा राहिलो. काळा झाला, पांढरा झाला. निळ्यापाशी आलो आणि थांबलो. समोरच्या खुर्चीत क्लेम नव्हता. आणि त्या शांततेत दाराबाहेर काहीतरी धाडकन पडलं. लोखंडाचा आवाज, त्याच्यामागून लाकडाचा.

मी पर्सला खूण केली. त्यानं ठोके दिले. उत्तर नाही. पुन्हा दिले. उत्तर नाही.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. आतल्या पहारेकऱ्यानं उठून नमस्काराची खूण करून पश्चिमेला बसलेल्या बंधूला कळवायचं, त्यानं उठून खूण करून मला कळवायचं, मी उठून आज्ञा द्यायची, मग ती आज्ञा त्याच वाटेनं परत जायची आणि मग दार उघडायचं. पर्स गुडघे धरून उठायलाच लागला होता. मला ते औषधाचं पाकीट आठवलं. रिकामं होतं ते. तीन आठवडे झाले आणि मी रस्ता ओलांडून विचारलं नाही, की बाबा, गोळ्या आणल्यास का. मला इतकी भीती वाटली, की तेवढी ऊनाच्या वेळीही वाटली नव्हती, आणि माझ्या स्वतःच्या ठसक्याच्या वेळी तर मुळीच नाही.

मी धावलो. माझ्या वयात त्याला धावणं म्हणावं का, माहीत नाही. पहिलं पाऊल पांढऱ्यात पडलं, दुसरं काळ्यात, पुढे मी रंग बघितले नाहीत. मध्ये एकदा घसरलो, हात टेकला, उठलो. हॉरी "गालिचा, गालिचा!" म्हणून ओरडत होता. दार उघडलं तर बोळात खुर्ची उलटी पडलेली, तलवार जमिनीवर, आणि माणूस नाही.

"क्लेम!" मी ओरडलो. लॉज उघडलेलं असताना नावानं हाक मारायची नसते.

बोळाच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार आहे. त्यातून क्लेम बाहेर आला. हातात ईनिडचे फुलाफुलांचे जाड हातमोजे, आणि हातमोज्यांत पेस्टीचा भला मोठा ट्रे. पेस्टी करपल्याचा वास आला म्हणून तो गडबडीत उठला होता, तेवढ्यात खुर्ची कलंडली. माझ्या बुटांकडे त्यानं बघितलं. माझ्या तळहाताकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून आत, त्या जमिनीकडे, पूर्वेच्या खुर्चीपासून दारापर्यंत सरळ आलेल्या पावलांकडे बराच वेळ बघत राहिला.

"लिंडसे," तो म्हणाला, "रंग ओला आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. मी दाराची चौकट धरली; चौकटीवर अजून माझा पंजा आहे, पांढरा. क्लेमनं ट्रे खाली ठेवला, एक हातमोजा काढला आणि माझ्या पाठीत दोन दणके घातले. मला ठसका लागलेला नव्हता.

मग प्रश्न निघाला लॉजचा. निरीक्षकासमोर मास्टर खुर्ची सोडून पळाला, आणि पहारेकरी जागेवर नव्हता, म्हणजे तेवढा वेळ आम्ही सात होतो की सहा? लॅथलीनसाहेब उठले. रंगाला वळसा घालून, घड्याळाच्या दिशेनं, प्रत्येक कोपऱ्यावर काटकोनात वळून दारापर्यंत आले. बोळ पाहिला. स्वयंपाकघर पाहिलं. एक पेस्टी उचलली, उभ्यानंच अर्धी खाल्ली, आणि म्हणाले की स्वयंपाकघर आणि दालन एकाच बोळावर आहे, तेव्हा पहारा बोळाचा होता असं ते धरतात. सनद राहील. दुसरी पेस्टी त्यांनी करपलेलीच मागून घेतली.

नंतर आम्ही दक्षिणेत जेवायला बसलो. जेवणाच्या खोलीला दक्षिण म्हणतात, आमची उत्तरेला आहे. साहेब म्हणाले, भाषण राहिलं ते पुरं करा. मी मोजे घालून उभा होतो, बूट मागच्या दारी टर्पेंटाईनमध्ये. म्हटलं, "आणि निळा..." आणि पुन्हा गाडी रुतली.

टेबलाच्या त्या टोकाकडून, तोंडात घास असताना, क्लेम म्हणाला, "मैत्री. मैत्री, लिंडसे. चाळीस वर्षं तिथेच अडकतोस."

रविवार, २८ जुलै

गालिचा आला. काळा आणि आकाशी. हॉरीनं फोनवर काय ऐकलं आणि काय सांगितलं, देव जाणे.

गुरुवारी त्याच्यावर खास सभा झाली. मी मांडलं की पावलांवर पुन्हा रंग द्यावा, मग गालिचा बदलून घ्यावा. सहा विरुद्ध एक असं पडलं. पावलं आहेत तशी राहणार. गालिचा दक्षिणेत जेवणाच्या टेबलाखाली घातलाय, आकाशी चौकोनांत पेस्टीचे कण आत्ताच पडायला लागलेत. आणि दालनात आम्ही सगळे आता माझ्या पावलांना वळसा घालतो. क्लेम पश्चिमेला बसतो आणि वळताना दरवेळी त्यांच्याकडे बघून भुवया वर करतो.

आज तो जेवायला आला. गोळ्या सहा आठवड्यांपूर्वीच आणल्या होत्या म्हणे, ईनिडनं. ती मांजराला घालायला गेली होती त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी तिच्याकडे बघितलं, ती रस्सा वाढण्यात फार गुंतलेली होती.

मीठ क्लेमच्या बाजूला होतं. मी म्हटलं, जरा दे रे इकडे. हात लांब केला असता तरी पोचलं असतं. पण तो खुर्ची सरकवून उठला, मिठाची वाटी दोन्ही हातांत धरली आणि टेबलाला वळसा घालायला निघाला. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, टाच जुळवून, काटकोनात. कपाटापाशी थांबून ईनिडला खूण करून नमस्कारही केला. ती रश्श्याचा चमचा हातात धरून हसत बसली, तिच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी त्याला मधून ये म्हटलं नाही. येऊ दिलं सावकाश. मटण गार झालं होतं, पण खाल्लं आवडीनं.